अंदमानचा मधुचंद्र: आधी बोट ठरवा, मग खोली

अंदमान ठरलं की पहिल्यांदा उघडतात ते खोल्यांचे फोटो. समुद्राकडे तोंड असलेलं कॉटेज, दाराबाहेर झोपाळा, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. खोली चांगली हवीच, पण अंदमानची सहल उभी राहते बोटीच्या तिकिटांवर. विमानतळ दक्षिण अंदमानात, पोर्ट ब्लेअरला आहे. ज्या किनाऱ्यांसाठी आपण जातो ते हॅवलॉक आणि नील या बेटांवर आहेत आणि तिथे समुद्रातूनच जावं लागतं. बोटी दिवसाउजेडी सुटतात. दुपारची शेवटची बोट चुकली किंवा रद्द झाली की रात्र त्याच बेटावर काढावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर तेही जातं. म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा: तारखा, विमान, बोटी, मग खोल्या. विमानाचे पैसे भरण्याआधी त्या तारखांना बोटी आहेत ना, एवढं मात्र पाहून घ्या.

नावांचा गोंधळ आधीच मिटवू. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम करण्यात आलं. तिकिटांवर, फलकांवर आणि लोकांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावं भेटतील. या लेखात रोजच्या बोलण्यातली जुनी नावं ठेवली आहेत.

तारखा कशा काढायच्या

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, तो सप्टेंबरपर्यंत राहतो. त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. त्यामुळे तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच, नोव्हेंबरच्या मुहूर्तावर लग्न असेल आणि आठवड्याभरात अंदमान गाठायचं असेल, तर एक दिवस राखीव ठेवल्याशिवाय निघू नका. डिसेंबरही पूर्ण निर्धोक नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानामुळे हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. वैशाखातल्या लग्नांसाठी एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा चालतो. उकाडा भरपूर असतो, पण समुद्र बहुधा शांत आणि पाणी नितळ असतं.

लग्न आणि प्रस्थान यांच्यात किमान पाच-सहा दिवस ठेवा. सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, मांडवपरतणी एवढं उरकायचं असतं, आणि दोघांचीही झोप राहिलेली असते. पाळीची तारीखही याच वेळी बघा. पाण्यातले दिवस त्याप्रमाणे पुढेमागे करता येतात. पाळी लांबवायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही महिनाभर आधी.

यानंतर पंचांग उघडा. मुहूर्तासाठी नाही, भरती-ओहोटीसाठी. नीलचा नैसर्गिक खडकी पूल फक्त ओहोटीला बघता येतो, तिथल्याच भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहायला मात्र पाणी भरलेलं लागतं. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाचे पाऊणपट, म्हणजे सहाला भरती. हा हिशोब अंदमानला लावू नका. भरतीची घडी किनाऱ्याप्रमाणे बदलते, त्यामुळे पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टकच बघा. उधाण आणि भांग मात्र तिथेही तिथीप्रमाणेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप भरतं आणि खूप ओसरतं, अष्टमीच्या सुमारास दोन्ही कमी. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर आणखी एक गोष्ट साधते. हॅवलॉकला रात्री छोट्या होडीतून वल्हवत खारफुटीत नेतात. पाणी हललं की त्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. चांदणं असलं की ही चमक जवळजवळ दिसत नाही, म्हणून अमावास्येच्या मागच्या-पुढच्या तीन-चार रात्रीच निवडा. घरचे अमावास्येला घर सोडू देत नसतील तर तीन दिवस आधी निघा, अमावास्या बेटावर येईल. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चांदण्यात बसायचं असेल तर अर्थात पौर्णिमा धरा. एकाच सहलीत दोन्ही होत नाही.

विमान

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे सव्वादोन तासांच्या आसपास. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं कधी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर तो तोटा सर्वस्वी तुमचा. एकाच तिकिटावर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. पोर्ट ब्लेअरला दुपारी १२ च्या आत उतरणारं विमान निवडलं तर पहिला दिवस हाती लागतो.

इथे एक चूक हमखास होते. लग्न ठरलं म्हणून नवरीचं तिकीट सासरच्या नावाने काढलं जातं, आणि आधार कार्डावर मात्र माहेरचं नाव असतं. विमानतळावर, बोटीवर, हॉटेलात, सगळीकडे ओळखपत्र पाहतात. ओळखपत्रावर जे नाव आहे, अक्षरशः तेच तिकिटावर हवं. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला.

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्रांचं तसं नाही; ती मधुचंद्राच्या यादीतून सोडून द्या.

किती रात्री, कुठे

सात रात्री असतील तर पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील दोन, पुन्हा पोर्ट ब्लेअर एक. सहाच असतील तर हॅवलॉकची एक कमी करा, नीलची नको. तयार सहलींत नील अर्ध्या दिवसात उरकतात किंवा तिथे एकच रात्र देतात, आणि हे चुकीचं आहे. नील इतकं लहान आहे की स्कूटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काही मिनिटांत पोचता येतं. गर्दी कमी, भाताची शेतं, सुपारीच्या बागा. दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ मिळतो तो तिथेच.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, याला अपवाद नाही. विमान दुपारचं असलं तरी त्याच दिवशी सकाळच्या बोटीने येऊन ते पकडायचं धाडस करू नका. वारा वाढला की बंदराकडून बोटी थांबवल्या जातात. कंपनीने फेरी रद्द केली तर बोटीचे पैसे परत मिळतात. विमानाचे आणि पुढच्या हॉटेलचे त्यामुळे मिळत नाहीत.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांचा आग्रह एजंट धरतील. तिथे रस्त्याने जायचं तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावावी लागते. पुढे जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळी पोलीस बंदोबस्तात सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. गुहा बघण्यासारख्या आहेत, पण त्यासाठी एक आख्खा दिवस आणि एक झोप जाते, आणि ज्या माणसांनी आपल्याला बोलावलेलं नाही त्यांच्या घरातून जावं लागतं. आमचं मत स्पष्ट आहे: मधुचंद्राच्या सहलीत बाराटांग नको. उत्तर अंदमानातलं दिगलीपूर सुंदर असलं तरी रस्त्याने जवळजवळ दिवसभराच्या अंतरावर आहे. दहा-बारा दिवस हाताशी असतील तरच त्याचा विचार करा.

बोटी

तीन तिकिटं लागतात: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. खासगी वेगवान बोटींना पहिल्या टप्प्याला दीड ते दोन तास, दुसऱ्याला पाऊण ते एक तास आणि तिसऱ्याला एक ते दीड तास लागतो. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक ही या मार्गावरची ओळखीची नावं. सरकारी बोटी पुष्कळ स्वस्त आणि थोड्या संथ आहेत, पण त्या मुळात बेटावरच्या रहिवाशांसाठी आहेत. पर्यटकांच्या वाट्याला जागा कमी आणि तिकीट प्रवासाच्या थोडे दिवस आधीच मिळतं. लग्नसराईत त्यांच्या भरवशावर राहू नका. डिसेंबर-जानेवारीसाठी खासगी बोटीचं आरक्षण दीड-दोन महिने आधी करा.

बंदिस्त वातानुकूलित बोटीत काचा उघडत नाहीत आणि प्रवासभर बाहेर येता येत नाही. ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावर, मध्याच्या मागची जागा घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात. पुढच्या टोकाच्या महागड्या जागा फोटोत छान दिसतात, पण लाटा असल्या की सगळ्यात जास्त उसळतात त्याच. मळमळीची गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तास-अर्धा तास घ्यावी लागते. पोट रिकामं नको, तुडुंबही नको: दोन इडल्या किंवा केळं-बिस्कीट पुरे. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघा.

पोर्ट ब्लेअरला दोन धक्के आहेत. खासगी बोटी साधारणपणे हॅडो धक्क्यावरून, तर सरकारी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. तिकिटावर धक्क्याचं नाव असतं, ते रिक्षात बसण्याआधी वाचा. चुकीच्या धक्क्यावर पोचून बोट गमावणारे दर हंगामात असतात. तासभर आधी पोचा, कारण सामान तपासून आत सोडतात. सामानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून दोन अजस्र बॅगांऐवजी प्रत्येकी एक मध्यम बॅग आणि एक पाठपिशवी घ्या. तीन वेळा बोटीत चढउतार स्वतःलाच करायची आहे.

घड्याळ मुंबईचं, सूर्य बंगालच्या उपसागरातला

अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांश आहे, म्हणजे सूर्य जवळजवळ ८० मिनिटं पुढे, पण घड्याळ भारताचंच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सहाला काळोख असतो. हे न कळल्यामुळे लोक निवांत जेवून, झोप काढून साडेचारला राधानगरला पोचतात आणि हाती अर्धा तास राहतो. दिवस पहाटे पाचला सुरू करा, दुपारी झोपा, साडेतीनला पुन्हा बाहेर पडा. रात्रीचं जेवण आठच्या आत उरका; बेटांवरची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात.

पहिल्या दुपारी सेल्युलर जेल. १९०६ मध्ये पुरं झालेल्या या तुरुंगाच्या पाकळ्यांसारख्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे आले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, आणि दोघांना प्रदीर्घ काळ एकमेकांची गाठही नव्हती. मधुचंद्रात तुरुंग कशाला, असं वाटत असेल तरी जा. वरच्या मजल्यावरच्या त्या कोठडीसमोर मराठी माणूस गप्प होतो. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश खेळाची तिकिटं आधीच काढा, आणि खेळ हिंदीत आहे की इंग्रजीत ते बघून घ्या. तुरुंग, रॉस बेट, एलिफंट बीच यांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात. दिवस पक्के करण्याआधी हॉटेलला विचारा.

हॅवलॉकला पोचलेल्या दुपारी राधानगर. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं. धक्क्यापासून अंतर सुमारे १२ किलोमीटर. स्कूटर भाड्याने मिळते. गाडी चालवायच्या परवान्याची मूळ प्रत न्या, आणि परतीचा रस्ता अंधारा आहे हे ध्यानात ठेवा. सूर्योदयासाठी कालापत्थर, कारण तो पूर्वेला आहे. एलिफंट बीचला धक्क्यावरून स्पीडबोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने जाता येतं. पाऊस पडून गेला असेल तर पायवाट चिखलाची होते, तेव्हा बोटच बरी. सकाळची पहिली फेरी घ्या, नऊनंतर गर्दी वाढते.

नीलवर कोष्टक बघून दिवस लावा: ओहोटीला खडकी पूल, भरतीला भरतपूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, सूर्योदयाला सीतापूर. पुलाकडे जाताना मेलेल्या पोवळ्यांवरून चालावं लागतं, ती धारदार आणि शेवाळलेली असतात. रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घाला. साध्या चपलांनी पाय कापतात.

पाण्याखाली

स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली मारायची बुडी, सहलीच्या पूर्वार्धात ठेवा, म्हणजे हॅवलॉकच्या दुसऱ्या सकाळी. कारण शारीरिक आहे. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. लगेच विमानात बसलं तर दाब घटल्यामुळे त्याचे बुडबुडे होतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. एका बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास उड्डाण टाळा. परतीच्या आदल्या दिवशी स्कुबा विकणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

नवशिक्यांच्या बुडीला पोहता यायची गरज नसते. आधी आरोग्याचा अर्ज भरून घेतात: दमा, हृदयविकार, फिट, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण. तिथे खरंच लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कारण बंद नाकाने कानातला दाब सोडता येत नाही आणि पडदा दुखावतो. मग कमरेएवढ्या पाण्यात सराव होतो: तोंडाने श्वास घेणं, मुखवट्यात शिरलेलं पाणी नाकाने जोर लावून बाहेर काढणं, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करणं. कान दुखायची वाट न बघता प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला हे करा. दुखलंच तर हाताने खूण करून थोडं वर या. श्वास कधीही रोखून धरू नका. वर येताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते. १२ मीटरपेक्षा खोल पहिल्या बुडीत नेत नाहीत. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो, पण एका प्रशिक्षकामागे एकच नवशिका, हे पैसे भरण्याआधी विचारा.

नव्या जोडप्यांसाठी दोन बारीक गोष्टी. हिरव्या चुड्याच्या काचेच्या बांगड्या घट्ट रबरी पोशाखात फुटतात आणि मनगट कापतात. त्या उतरवायच्या की नाहीत हे घरच्यांशी निघण्याआधीच बोलून ठेवा. ऐन सकाळी सासूबाईंना फोन लावण्याची वेळ येऊ नये. दुसरं, गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी निसटते. अंगठ्या, मंगळसूत्र खोलीतल्या तिजोरीत. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मुखवटा आदल्या दिवशी सांगून ठेवा. नवरदेवाची मिशी दाट असेल तर मुखवट्यात थोडं पाणी शिरतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

पोहताना एक नियम पाळा: जिथे जीवरक्षक आहे तिथे, तो असेपर्यंतच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूला मगरीच्या हल्ल्यात एक पर्यटक महिला मरण पावली. खाडीची तोंडं, खारफुटीच्या कडा आणि संध्याकाळनंतरचं पाणी टाळा, इशाऱ्याचे फलक वाचा.

पैसे आणि एजंट

मुंबई-पुण्याहून दोघांचा सात रात्रींचा मध्यम खर्च ढोबळमानाने १.१ ते १.५ लाख रुपये धरा. त्यात विमान ३० ते ५० हजार, खोल्या ३५ ते ५० हजार, खासगी बोटी १० हजारांच्या आसपास, स्कुबा ८ ते १२ हजार, बाकी जेवण आणि गाड्या. ख्रिसमस ते नवीन वर्ष या आठवड्यात हे आकडे मोडतात. बेटांवर एटीएम मोजकी आणि नेटवर्क अधूनमधून जातं, तेव्हा १५-२० हजार रोख पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

एजंटकडून घेणार असाल तर पाच गोष्टी लेखी मागा: हॉटेलांची नावं आणि खोलीचा प्रकार, 'किंवा समकक्ष' या शब्दांशिवाय, बोटीचं नाव आणि वर्ग, प्रत्येक बोटीची वेळ, स्कुबाची बुडी किनाऱ्यावरून की बोटीतून, फेरी रद्द झाली तर त्या रात्रीची खोली कोण देणार. मेणबत्तीचं जेवण, केक, फुलांची सजावट यांचे वेगळे पैसे लावले असतील तर ते काढून टाका आणि थेट हॉटेलला सांगा, बहुधा कमीत होतं. शाकाहारी असाल तर हॅवलॉकला अडचण नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र आधी कळवा.

सामानात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, डासांचं मलम, मळमळीच्या गोळ्या, पाणी न शिरणारी पिशवी आणि प्रत्येकी दोन पोहण्याचे जोड घ्या, कारण दमट हवेत कपडे रात्रीत वाळत नाहीत. किनाऱ्यावर संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात. त्यांचा चावा खाजवला की आठवडाभर टिकतो, तेव्हा वाळूवर थेट न बसता चटई अंथरा.

परतताना बॅग भरण्याआधी वाळूतून उचललेलं सगळं बाहेर काढा. पोवळी आणि कित्येक जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेलं पोवळंही त्यात आलं, आणि विमानतळावर सामान तपासताना ते पकडलं जातं. शंखाच्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या 'सागरिका' या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा.